सफरचंदात दरवर्षी अळी निघते? कॉडलिंग मॉथची तपासणी, सोप्यापासून अवघडापर्यंत

लक्षणं

जून उजाडला की झाडाखाली लिंबाएवढी कच्ची सफरचंदं पडायला लागतात. झाडावर राहिलेल्यांपैकी काही फळं इतरांच्या आधीच रंग धरतात आणि आपल्याला वाटतं, यंदा लवकर पिकली. हातात घेऊन पाहिलं तर बाजूला किंवा बुडाशी एक भोक असतं आणि भोकाच्या तोंडाशी ओलसर, तांबूस-तपकिरी भुसा साचलेला असतो. फळ कापलं की भोकापासून गाभ्यापर्यंत गेलेला बोगदा दिसतो. गाभ्यात काळपट घाण, कुरतडलेल्या बिया आणि बऱ्याचदा तपकिरी डोक्याची, पांढुरकी-गुलाबी अळी. ऑगस्टमध्ये पुन्हा हेच, पण पहिल्यापेक्षा जास्त फळांत. झाड फूजी किंवा ग्रॅनी स्मिथसारखं उशिरा पिकणारं असेल तर तोडणीपर्यंत धड फळ शोधावं लागतं.

ही लक्षणं एकत्र दिसली तर दोषी बहुतेक वेळा एकच असतो, कॉडलिंग मॉथ. शास्त्रीय नाव सिडिया पोमोनेला. अर्धा-पाऊण इंच लांबीचा करडा पतंग. पंख मिटून बसला की पंखांच्या टोकांवर तांब्यासारखा चमकणारा गडद पट्टा दिसतो, तीच त्याची खूण.

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहते. स्वतःच्या आणि ओळखीच्या मराठी घरांच्या परसात ही एकच तक्रार दर उन्हाळ्यात निस्तरत आले आहे, म्हणून इथले महिने आणि इथलं हवामान धरून लिहिते. आपल्या लोकांची यात फसगत होते त्याला कारणही आहे. पुण्या-मुंबईत आपण खाल्लेली सफरचंदं काश्मीर-हिमाचलची. भारतात या किडीचं ठाणं लडाखमध्ये आहे, आणि तिथलं ताजं सफरचंद लडाखबाहेर जाऊ नये अशी बंदी याच किडीपायी घातली गेली. त्यामुळे वांग्यातली अळी आपल्याला ठाऊक असते, सफरचंदातली नसते.

आधी किडीचं वेळापत्रक

मला पहिला प्रश्न नेहमी हाच येतो: ‘कोणतं औषध मारू?’ भोक दिसल्यावर विचारलेल्या या प्रश्नाला उत्तर एकच, कोणतंही नको. अळी फळात शिरली की बाहेरून मारलेलं काहीही तिच्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा फवारणी करणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

अळी सापडते ती फळाबाहेर असतानाच. पूर्ण वाढलेली अळी हिवाळाभर सालीच्या खपल्यांखाली किंवा बुंध्याजवळच्या पालापाचोळ्यात रेशमी कोषात पडून असते. इथे मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत पतंग बाहेर पडू लागतात. ते सूर्यास्ताच्या आगेमागे काही तासच उडतात, आणि त्या वेळी हवा ६२ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १७ अंश सेल्सिअसच्या वर असेल तरच त्यांचं मीलन होतं. एक मादी ३० ते ७० अंडी घालते, एकेक सुटं, पानावर किंवा कोवळ्या फळावर. भिंगातून पाहिलं तर अंडं चपट्या पारदर्शक टिकलीसारखं दिसतं. काही दिवसांनी त्यात लाल कडं उमटतं, आणि फुटायच्या आधी आतल्या अळीचं काळं डोकं स्पष्ट दिसतं. बाहेर आलेली अळी थोडा वेळ फळावर भटकते आणि आत शिरते. आत वाढते, भोक पाडून बाहेर येते, खाली पडते किंवा खोडावर चढून कोष करते. मग पुढची पिढी. उष्ण भागात वर्षाला तीन, क्वचित चारही पिढ्या होतात. जूनमध्ये दुर्लक्ष केलं तर सप्टेंबरमध्ये झाड हातचं जातं ते यामुळे.

खालची प्रत्येक तपासणी या वेळापत्रकातल्या कुठल्या तरी उघड्या जागेवर बोट ठेवते. क्रम मोडू नका. वरच्या गोष्टी फुकट आहेत, आणि बऱ्याच घरी तेवढ्यानेच निम्मं काम होतं.

१. भोक कोणाचं?

सुरी घ्या. पडलेली चार-पाच आणि झाडावरची दोन-तीन संशयित फळं देठापासून बुडापर्यंत उभी कापा. बुडाशी, जिथे फुलाचे वाळके अवशेष राहतात, तिथून शिरलेली अळी बाहेरून दिसतच नाही. कापल्याशिवाय ते फळ निरोगीच वाटतं.

बोगदा गाभ्यात गेला आहे, बिया खाल्ल्या आहेत आणि भोकाशी भुसा आहे, तर कॉडलिंग मॉथ. गरात इकडेतिकडे वेड्यावाकड्या तपकिरी रेघा आहेत, बाहेर भुसा नाही आणि आत बिनपायांची, डोकं वेगळं न दिसणारी पांढरी अळी आहे, तर ती अ‍ॅपल मॅगट नावाच्या माशीची. तिचा इलाज वेगळा आणि वेळही वेगळी. उथळ, कोरडा खड्डा पक्ष्याच्या चोचीचा असतो. सालीवर एक ठिपका आणि त्याखाली जेमतेम पाव इंच डाग असेल तर अळी शिरता शिरता मेलेली असते. ते फळ बिनधास्त ठेवा.

ही तपासणी टाळून थेट औषध आणणारे पुष्कळ भेटतात. माशीवर पतंगाचा सापळा लावून दोन हंगाम वाया घालवलेलं घर मी पाहिलं आहे.

२. पडलेली फळं कुठे जातात?

पडलेलं फळ गवतात तसंच राहिलं तर आतली अळी निवांत बाहेर येऊन बुंध्यापाशी कोष करते. म्हणजे पुढची पिढी आपणच पोसली. बहर संपून सहा ते आठ आठवडे झाले की दर आठवड्याला, फार तर पंधरवड्याला, झाडाभोवती एक फेरी मारा. पडलेलं प्रत्येक फळ उचला. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे भुसा दिसणारी फळं झाडावरूनही तोडा. ती ‘निदान अर्धी तरी खाता येतील’ म्हणून ठेवायची नाहीत. आत अळी असतानाच फळ तोडलं तरच त्याचा उपयोग. बाहेर पडायचं मोठं, मोकळं भोक दिसायला लागलं की ती निघून गेलेली असते.

ही फळं परसातल्या उघड्या कंपोस्टमध्ये टाकू नका, अळ्या तिथून सुखरूप बाहेर येतात. पिशवीत घट्ट बांधून झाकणाच्या डब्यात टाका. शहराची हिरव्या कचऱ्याची गाडी दर आठवड्याला येत असेल तर तोही डबा चालतो.

तोडलेल्यांतली बरी फळं घरात घेतली तर किडका भाग कापून उरलेल्याचा मुरांबा छान होतो. मात्र कुजलेली, बुरशी धरलेली फळं रसात घालू नका. त्या बुरशीचं विष नुसता सडका भाग काढून जात नाही.

३. कुंपणापलीकडे काय आहे?

ही कीड सफरचंदाखेरीज नासपती, क्विन्स आणि अक्रोडावरही जगते. शेजारच्या अंगणात फळं कधीच न तोडलेला जुना अक्रोड उभा असेल तर तुमची स्वच्छता अर्धीच कामी येते. पतंग सहसा फार लांब जात नाहीत, पण एक कुंपण त्यांना अडवत नाही.

इथे बोलण्याशिवाय इलाज नाही. तक्रारीच्या सुरात न बोलता, ‘तुमची पडलेली फळं मी शनिवारी उचलून नेऊ का’ असं विचारलं तर बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या ओकानागन भागात १९९२ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत वांझ केलेले पतंग सोडून ही कीड आटोक्यात आणली गेली. तिथे बागायतदारांबरोबर गावातली परसातली झाडंही मोहिमेत धरली गेली, कारण एका दुर्लक्षित झाडातून आख्ख्या वस्तीला पतंग पुरतात.

४. फळांची विरळणी झाली आहे का?

सफरचंदाला झुबक्यात तीन-चार-पाच फळं लागतात. दोन फळं एकमेकांना टेकतात त्या फटीत अळीला शिरायला सर्वांत सोयीची जागा मिळते. शिवाय फवारा तिथे पोचत नाही आणि पिशवी बसत नाही. फळ सुपारीएवढं झालं की झुबक्यात एकच, सर्वांत धष्टपुष्ट फळ ठेवा. दोन फळांत वीतभर अंतर राहू द्या.

हात धजत नाही, हे मला माहीत आहे. आपल्याकडे लागलेलं फळ तोडणं जिवावर येतं. पण भारानं लहान राहिलेल्या, किडक्या शंभरांपेक्षा भरलेली चाळीस केव्हाही बरी, आणि पुढच्या वर्षीचा बहरही त्यामुळे चांगला येतो.

५. खोडावर पट्टा

जुनी, सुटलेली साल हलक्या हाताने खरवडून काढा. जिवंत सालीला धक्का नको. मग नालीदार पुठ्ठ्याचा चार ते सहा इंच रुंद पट्टा जमिनीपासून दीड फूट उंचीवर खोडाभोवती घट्ट बांधा. पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या राहिल्या पाहिजेत. कोषाला जागा शोधणाऱ्या अळ्या त्या नळ्यांत शिरतात. मेमध्ये बांधा, जूनच्या अखेरीस काढून नष्ट करा, लगेच नवा बांधा. हिवाळ्यात शेवटचा पट्टा काढा. काढायला विसरलात तर तो पट्टा किडीला घर पुरवतो, तेव्हा कॅलेंडरवर लिहूनच ठेवा.

गुळगुळीत खोडाच्या झाडावर याचा उपयोग बरा होतो. खडबडीत सालीवर अळीला दुसरीकडेही जागा मिळतात. एकट्या पट्ट्याने प्रश्न सुटत नाही, पण खर्च जवळजवळ शून्य आहे.

६. पिशव्या

एकच उपाय करा म्हटलं तर मी हाच सांगेन. नाशिककडे द्राक्षाच्या घडाला कागद गुंडाळतात तो उद्योग ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे नवं वाटणार नाही. अळी आणि फळ यांच्यामध्ये कागद आला की पिढ्या, तापमान, औषध हा सगळा हिशेबच उरत नाही.

वेळ: बहरानंतर चार ते सहा आठवडे, फळ अर्धा ते एक इंचाचं असताना. त्या आधी फळ टिकेल की गळेल हे कळत नाही, आणि उशीर केला तर अळीसकट फळ पिशवीत जातं. म्हणून बांधायच्या आधी प्रत्येक फळ फिरवून पाहा, बूडसुद्धा.

रीत अशी. डब्यासाठी मिळतात त्या खाकी कागदी पिशव्यांतली लहान पिशवी घ्या. तिच्या बंद बुडाच्या घडीत मधोमध दोन इंचांची चीर पाडा. झुबक्यातलं राखलेलं फळ या चिरेतून आत सरकवा, म्हणजे चिरेचे काठ देठाभोवती मिटतात. पिशवीचं मूळ तोंड आता खाली आलं, ते दुमडून स्टेपल करा. देठ ओढला जाऊ नये एवढं एकच पथ्य. हात बसला की काम भराभर होतं, आणि घरात मुलं असतील तर खालच्या फांद्या त्यांना देऊन टाका.

कागदात लाल जातीच्या फळाला रंग कमी चढतो. चवीत फरक पडत नाही, म्हणून मी तोडणीपर्यंत उघडत नाही. लग्नात सुका मेवा भरून देतात तशा जाळीच्या, दोरी ओढून बंद होणाऱ्या पोटल्याही चालतात. त्यात ऊन पोचतं आणि त्या पुढच्या वर्षी धुऊन वापरता येतात. पातळ नायलॉनचे मोजे मात्र या अळीसाठी भरवशाचे वाटले नाहीत. ते फळाला चिकटून बसतात आणि अळी बाहेरूनच कुरतडते.

सगळ्या झाडाला पिशव्या बांधणं जमत नसेल तर हात पोचतो तेवढ्यांना बांधा आणि हिवाळ्यात छाटणी करून झाड दहा-बारा फुटांच्या आत आणा. परसातलं झाड त्याहून उंच ठेवण्यात फायदा काहीच नाही.

७. कामगंध सापळा आणि अंशांचा हिशेब

इथून पुढे पैसे लागतात आणि चिकाटीही. ज्यांना फवारणी करायचीच आहे त्यांच्यासाठी ही पायरी आहे, इतरांनी सोडून दिली तरी चालेल.

कामगंध सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, त्यामुळे त्यात फक्त नर सापडतात. सापळा भरला म्हणजे कीड संपली, असं होत नाही. एक वाचलेला नरही पुष्कळ माद्यांना पुरतो. सापळ्याचं काम पतंग उडायला लागल्याची तारीख सांगणं. बहराच्या आधीच, मार्चच्या मध्याला, झाडाच्या शेंड्याकडच्या भागात टांगा. आठवड्यातून दोनदा पाहा. लागोपाठ पतंग सापडू लागले आणि सूर्यास्ताला हवा ६२ अंशांच्या वर राहू लागली, की ती तारीख लिहून ठेवा.

त्या दिवसापासून रोज असं मोजायचं: दिवसाचं कमाल आणि किमान तापमान (फॅरनहाइटमध्ये) मिळवून दोनने भागा, त्यातून ५० वजा करा. कमाल ७४, किमान ५२ असेल तर सरासरी ६३, म्हणून त्या दिवसाचे १३ अंश-दिवस. शून्याच्या खाली गेलं तर शून्य धरा. बेरीज २५० च्या आसपास आली की पहिल्या पिढीची अंडी फुटायला लागतात. रोज १३ धरले तर एकोणीस-वीस दिवस. थंड एप्रिलमध्ये हेच महिन्यावर जातं. म्हणूनच ‘गेल्या वर्षी पंधरा एप्रिलला मारलं होतं’ हा आधार चालत नाही. बेरीज १,००० च्या पुढे गेली की दुसरी पिढी उडू लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कीड व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर ही बेरीज आपोआप करून मिळते.

मोठ्या बागांत नर गोंधळावेत म्हणून बागभर हाच वास पसरवतात. एक-दोन झाडांना तो उपाय लागू पडत नाही. त्याच्यावर पैसे घालू नका.

८. फवारणी

घरगुती वापरासाठी मी दोनच गोष्टींकडे वळते.

एक, या किडीचाच विषाणू, ग्रॅन्युलोव्हायरस. तो १९६३ मध्ये मेक्सिकोत सापडला. तो या अळीला आणि तिच्या अगदी जवळच्या भाऊबंदांनाच मारतो. मधमाशी, माणूस, मांजर कोणालाच त्रास नाही. पण अळीने तो फळात शिरण्याआधी खायला हवा, आणि उन्हात तो लवकर निकामी होतो. म्हणून संध्याकाळी, फळ सगळीकडून भिजेल असा, अंडी फुटण्याच्या काळात दर आठवड्याला मारावा लागतो. सगळ्या दुकानांत मिळत नाही आणि गारव्यात ठेवावा लागतो.

दोन, स्पिनोसॅड. मातीतल्या एका जिवाणूपासून बनतं. साधारण दहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा. ओलं असताना मधमाश्यांना घातक आहे, त्यामुळे झाडावर किंवा झाडाखालच्या गवतात फुलं असताना अजिबात नाही, आणि मारायचं तर दिवस मावळल्यावर. लेबलवर वर्षातल्या फवारण्यांची मर्यादा आणि तोडणीपूर्वी सोडायचे दिवस दिलेले असतात. अमेरिकेत ते लेबल म्हणजे कायदाच आहे.

कडुनिंबाच्या तेलावर आपला जीव असतो. मावा किडीवर ते ठीक. या अळीवर त्याच्या भरवशावर राहू नका. आणि कार्बारिलसारखी सरसकट मारणारी औषधं परसात नकोतच. ती मित्रकीटकांना मारतात, मधमाश्यांना मारतात, आणि बहरानंतर महिनाभराच्या आत मारली तर कोवळी फळंही गळतात.

फवारणी चालू असली तरी दुसरी तपासणी, म्हणजे पडलेली फळं उचलणं, थांबवायची नाही. ती थांबली की फवारणी वाढवत न्यावी लागते, आणि मग परसातल्या फळाचा अर्थच राहत नाही.

कुठे थांबायचं

झाड पंधरा-वीस फुटांचं आहे, उतारावर आहे किंवा वरून विजेची तार गेली आहे, तर शिडी लावू नका. प्रमाणपत्रधारक आर्बोरिस्टला, म्हणजे झाडांच्या तज्ज्ञाला, बोलावून दोन-तीन हिवाळ्यांत टप्प्याटप्प्याने उंची कमी करून घ्या. एकाच वर्षात निम्मं झाड कापणाऱ्याला काम देऊ नका. त्यानंतर नुसते उभे पाणकोंब फुटतात आणि फळ मिळत नाही.

भोकं खोडात किंवा जाड फांदीत असतील, त्यांतून भुसा किंवा डिंक येत असेल, तर ती ही कीड नव्हे. कोवळे शेंडे भाजल्यासारखे काळे पडून वाकडे झाले असतील तर तो फायर ब्लाइट नावाचा जिवाणूजन्य रोग असू शकतो. दोन्ही बाबतींत सुरी-कात्री खाली ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

फवारणीचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं असेल तर त्याच्याकडे कॅलिफोर्नियाचा कीटकनाशक वापराचा परवाना आहे का आणि त्याची काउंटीच्या कृषी आयुक्ताकडे नोंदणी आहे का, हे आधी विचारा. गवत कापायला येणाऱ्या माणसाला ‘जाता जाता हेही मारून जा’ असं सांगणं बेकायदेशीर ठरू शकतं, आणि त्याच्या तब्येतीला धोकाही आहे. शेजारी मधमाश्यांच्या पेट्या असतील, किंवा कुंपणाला लागून लहान मुलांची खेळायची जागा असेल, तर स्वतः काहीही फवारू नका.

पहिल्या तपासणीत अ‍ॅपल मॅगटचा संशय आला, तर फळ कोणालाही वाटू नका आणि कृषी आयुक्ताच्या कार्यालयात कळवा.

पिशव्या वेळेवर बांधल्या, फळं नियमाने उचलली आणि तरीही लागोपाठ दोन हंगाम निम्म्याहून जास्त फळं किडकी निघाली, तर काउंटीच्या मास्टर गार्डनर मदतवाहिनीला विचारा. विद्यापीठाने तयार केलेले हे स्वयंसेवक पैसे घेत नाहीत. फोन करण्याआधी झाडाची जात, बहर कधी संपला ती तारीख, काय काय आणि कधी केलं हे लिहून ठेवा. कापलेल्या फळाचा बोगद्यासकट फोटो काढा, आणि जिवंत अळी सापडली तर ती झाकणाच्या लहान बाटलीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. अळीचं डोकं आणि पाय दिसतील असा जवळचा फोटो असला की निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.